बैठा आकडा

मंगळवार, ३ तारीख
सकाळचा आकडा घेऊन झाल्यावर

ठेंगू,

तुझी लाल पेन्सिल पोचली. अकरा वर्षांत तू मला जे काही लिहिलंस ते याच पेन्सिलीने, माझ्याच तक्त्याच्या समासात. कधी "अक्षर नीट काढा", कधी "बेरीज तपासा". सख्ख्या बहिणीला "काढा" म्हणे! पुलाशेजारच्या ऑफिसात बसून चार पाणीमोजणी केंद्रांचे आकडे पडताळतोस म्हणून काय झालं? तुझा शेंबूड मी पुसलाय.

मी कधी उलट उत्तर दिलं नाही. पण या वेळचा शेरा वाचला आणि डोकंच फिरलं. "पाऊस नव्वद मिलिमीटर आणि पाणी चाळीस सेंटिमीटर उतरलं? हे कसं? स्वतः खाली उतरून पाहिलं का?"

हो रे बाबा, पाहिलं. एकशे बेचाळीस पायऱ्या, शेवाळलेल्या, दिवसातून तीन वेळा. गुडघ्यांचं पार वाटोळं झालंय, पण पट्टीसमोर उभी राहून, चष्मा पुसून, दोनदा वाचून आकडा लिहिते. एकदाच्या वाचण्यावर मी आता विश्वास ठेवत नाही.

पाणी खरंच उतरतंय. एकोणीस दिवस पावसाने उसंत घेतलेली नाही. वरच्या रानातून डावी आणि उजवी अशा दोन शाखा येतात, केंद्रापासून पाच तासांच्या चालीवर त्यांची एक नदी होते, आणि मग ती दोन डोंगरांमधल्या फटीतून आपल्या दारात उतरते. एवढ्या पावसात तिने निम्म्या पायऱ्या गिळायला हव्या होत्या. शनिवारी संध्याकाळी पट्टीवर तीन मीटर दहा होतं. रविवारी सकाळी दोन सत्तर. आज दोन पाच. आणि छपरावर पाऊस असा आदळतोय की चहा उकळला तरी ऐकू येत नाही.

माझ्यावर भरवसा नसेल तर तुझ्या पुलाखालची पट्टी बघ. खुर्चीतून उठलास की खिडकीतून दिसते म्हणतात.

तुझी पोरगी आता सात वर्षांची झाली असेल. मी तिला पाहिलेलं नाही, ही तक्रार नव्हे, आपली एक नोंद.

ताई


गुरुवार, ५ तारीख
दुपार

ठेंगू,

एक मीटर दहा.

हा आकडा या पट्टीवर ऐन उन्हाळ्यात येतो. पावसाळ्यात मी तो कधी लिहिलेला नाही, बाबांनीही नाही. काल जुन्या वह्या काढून बसले. चाळीस वर्षांच्या वह्या, एकाही पावसाळ्यात दीड मीटरच्या खाली काही नाही.

आणि पाणी नितळ आहे. दरवर्षी या दिवसांत नदी चहाच्या रंगाची असते, ओंडके घेऊन येते. आज तळाचे गोटे मोजता येतात. कडेच्या खड्ड्यांत मासे अडकून पडलेत, आणि ते टिपायला एक पाखरू खाली आलेलं नाही. मी इथे जन्मले, इथेच म्हातारी होत चाललेय, नदीचा आवाज माझ्या कानाला कधी वेगळा ऐकूच आला नव्हता. आता तो नाही, तर पाऊस जरा मंदावला की मला पानावर पान पडलेलं ऐकू येतं. मला भीती वाटते, ठेंगू. बावन्न वर्षांच्या बाईने असं लिहू नये, पण वाटते.

आज मौनी आला होता. मौनी म्हणजे वरच्या चौकीचा वनरक्षक. तू गेल्यावर बदली होऊन आला, म्हणून तुला माहीत नसेल. महिन्याला तीन वाक्यं बोलतो, म्हणून मी हे नाव ठेवलं. आज तीनही वाक्यं एका दमात बोलला: शनिवारी दुपारी मोठा आवाज झाला. चौकीचा वायरलेसचा मनोरा गेला, म्हणून त्याचा संचही बंद आहे. संगमाकडे जाणारी वाट मध्येच संपते, पुढे डोंगरच नाही. चहा न घेता गेला.

बाबा म्हणायचे, चढत्या नदीला काय भ्यायचं, ती सांगून येते; भर पावसात उतरणाऱ्या नदीला भ्या. वरून पाणी येतंय हे खरं. इथे पोचत नाही हेही खरं. म्हणजे मध्ये कुठेतरी ते साठून बसलंय.

मी वायरलेसवरून तुझ्या ऑफिसातल्या साहेबांना हेच सांगितलं. तूही ऐकलं असशील, सगळी केंद्रं ऐकतात. साहेब म्हणाले, "पाणी उतरतंय ना? मग आनंदाची गोष्ट आहे, बाई." मी म्हटलं, "आनंद कसला डोंबलाचा?" तर म्हणाले, वायरलेसवर भाषा जपा.

त्यांनाही मी सगळा दोष देत नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या केंद्राच्या आकड्यावर काळोखात पुराचा भोंगा वाजला, पुलावर चेंगराचेंगरी झाली, दोन जीव गेले आणि पाणी आलंच नाही. तेव्हापासून नियम कडक झाला: केंद्राचा आकडा लाल खुणेच्या वर, म्हणजे आठ मीटरच्या वर, लागोपाठ दोन तास, आणि तुझी "पडताळलं" अशी सही. तरच भोंगा. उतरणाऱ्या पाण्यासाठी आपल्या तक्त्यात रकानाच नाही.

उद्या सकाळचा आकडा देऊन मी मौनीबरोबर वर जाते. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

ताई


रविवार, ८ तारीख
केंद्रावर परत आल्यावर

ठेंगू,

बघून आले.

जिथे संगम होता तिथे तळं आहे. डाव्या अंगाचा डोंगर, त्याच्यावरच्या सगळ्या रानासकट, नदीत येऊन बसलाय. माती, दगड, उलटीपालटी झाडं, मुळं वर. त्याच्यामागे दोन्ही शाखा तुंबल्यात. उभं रान बुडालंय, नुसते शेंडे पाण्यावर आहेत. हिरवेच आहेत अजून, त्यांना अजून कळलेलं नाही. फाटलेल्या मातीचा आणि चिकाचा वास एवढा की मी पदर नाकाला लावून उभी होते. आपल्या दाराशी जे येतंय ते त्या ढिगाऱ्यातून पाझरलेलं पाणी.

मी काठी रोवली. सवय, दुसरं काय! शुक्रवारी संध्याकाळी एक खूण, शनिवारी सकाळी दुसरी, संध्याकाळी तिसरी. दिवसाला अडीच हात चढतंय. मौनीने ढिगाऱ्याच्या सगळ्यात खालच्या खोबणीपासून दोरी सोडली: शनिवारी सकाळी बारा हात शिल्लक. भागाकार तुझा माझ्यापेक्षा चांगला आहे. बुधवारची रात्र, नाहीतर गुरुवार.

नुसत्या मातीच्या ढिगावरून एकदा पाणी वाहायला लागलं की तो ढीग थांबत नाही, हे तुला मी सांगायला नको. इथून तुझ्या पुलापर्यंत पुराला दीड तास लागतो. आणि तुझं घर अगदी वळणाच्या पोटात. पत्ता माझ्याकडे आहे, तू दिला नाहीस तरी. टपालवाल्याने सांगितला.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, "फोटो आहे?" माझ्या फोनला साधा कॅमेराही नाही, आणि इथे रेंज नाही म्हणून तो मी घड्याळ म्हणून वापरते. म्हणाले, रस्त्यावरची दरड निघाली की शुक्रवारी पाहणी पथक पाठवतो. मी म्हटलं, "शुक्रवारी पथकाला होडी द्या सोबत." त्यांनी संच बंद केला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि तोही शुक्रवारी!

तक्त्यात शुक्रवार दुपारपासून आज सकाळपर्यंत सहा रकाने मोकळे आहेत. मी मुद्दाम मोकळे ठेवले. "घेतले नाहीत" असं लिहून सही केलीय. अकरा वर्षांत माझा एकही रकाना मोकळा गेला नव्हता.

बायकोला आणि पोरीला टेकडीवर ने. आजच. तुझ्या पाया पडते. मोठी असून पडते.

ताई


मंगळवार, १० तारीख
सकाळ

ठेंगू,

तुझं उत्तर टपालवाल्याने काल दिलं. अकरा वर्षांनी पाकीट आलं म्हणून मी हात धुऊन फोडलं. आत दोन ओळी. "आकड्यांखेरीज काही लिहू नये. त्या दिवशीही तुझ्याकडे कारण तयार होतं."

बरोबर आहे. होतं.

आज मला तुझ्याकडून फार मोठं काही मागायचंय, आणि त्याआधी हे सांगितल्याशिवाय मागता येणार नाही. तू आजवर असं मानत आलास की मला ताप होता आणि मी म्हाताऱ्या बापाला माझ्या पाळीला खाली पाठवलं, पुरात. मीच तसं सगळ्यांना सांगितलं होतं. तू दिवसकार्य झाल्यावर उंबऱ्यात उभा राहून म्हणालास, "ताप तुला होता की तुझ्या आळसाला?" आणि गेलास.

मला ताप नव्हता. मी बाबांना पाठवलंही नाही. पाऊस होता, पायऱ्या निसरड्या होत्या, मी चुलीपाशी पाय शेकत बसले होते आणि संध्याकाळचा आकडा मी तिथेच बसून लिहिला. सकाळच्या आकड्यात थोडी भर घालून. चार वीस. बैठा आकडा. आपल्या धंद्यात याच्याइतकी मोठी शिवी नाही, हे बाबांनीच आपल्याला शिकवलं. त्यांनी वही बघितली, दारात जाऊन मिनिटभर नदी ऐकली, आणि म्हणाले, "हा आकडा नदीचा नाही." मी मान वर केली नाही. त्यांनी कंदील घेतला. मी म्हणू शकले असते, थांबा, मी जाते. मी वहीकडे बघत राहिले, कारण मला लाज वाटत होती. एवढंच. लाज वाटत होती म्हणून मी उठले नाही.

नदी तेव्हा सहा मीटरवर होती. ते खालच्या पायऱ्यांवर माझा चार वीस शोधायला गेले.

बघ, तू मला दिलेली शिवी कमीच होती. आता मनात येईल ते म्हण. पण एवढं लक्षात घे: अकरा वर्षांत माझ्या वहीत तो एकच खोटा आकडा आहे. त्यानंतर मी तापातसुद्धा उतरलेय, खऱ्या तापात.

आता मागणं.

मौनी आज पहाटे वर मोजून आत्ताच खाली आला. पावणेपाच हात उरलेत. गुरुवारी सकाळी पाणी खोबणीवरून सांडायला लागेल. पथक शुक्रवारी. पट्टीवर आज साठ सेंटिमीटर आहेत, म्हणजे भोंगा वाजवायला नदीने आठ मीटरच्या वर चढायला हवं, आणि ती चढेल तेव्हा तिच्या मागून डोंगर येत असेल. तेव्हा दीड तासात तू कुणाकुणाला उठवणार? दवाखान्यातल्यांना? म्हाताऱ्याकोताऱ्यांना?

म्हणून गुरुवारी सकाळी सहाला मी आठ मीटरच्या वरचा आकडा देणार आहे. सातला आणखी वरचा. उजेडात, म्हणजे पुलावर कुणी कुणाला चिरडणार नाही. दोन्ही आकडे खोटे असतील. तुझ्या खिडकीतून तुला कोरडी नदी दिसेल, आणि तुला त्या आकड्यांखाली "पडताळलं" म्हणून सही करायची आहे. नोकरी जाईल तुझी. कदाचित तुरुंगही होईल. पाणी नाहीच आलं तर लोक तुला आणि मला दगड मारतील, आणि ते बरोबरच असेल.

मी खोटारडी आहे हे मी आत्ताच या कागदावर कबूल केलं, आणि त्याच कागदावर सांगतेय की माझ्यावर विश्वास ठेव. दुसरा कागद माझ्याकडे नाही. काठीच्या तीनही खुणा मी स्वतः तिथे उभं राहून घेतल्यात.

टपालवाल्याला सगळं नाही सांगितलं, पण पाकीट तुझ्याच हातात द्यायचं असं बजावलंय. उद्या संध्याकाळी मिळेल. उत्तर पाठवू नकोस, पोचायचं नाही. सहा वाजता मला कळेल.

ताई


गुरुवार, १२ तारीख
वरची चौकी, दुपारी पाऊण

ठेंगू,

हे पत्र मौनी डोंगरमाथ्यावरून पलीकडच्या खोऱ्यात नेणार आहे. तुला कधी मिळेल, कुठे मिळेल, मला माहीत नाही. हातांना काहीतरी हवं म्हणून लिहितेय.

सहाला मी संचापुढे बसले. मला वाटलं होतं रोजचा ऑपरेटर असेल. तूच होतास. अकरा वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि किती रे बाबांसारखा झालाय. "केंद्राचा आकडा?"

"आठ मीटर पस्तीस."

नुसती खरखर. चारही केंद्रं ऐकत होती.

"स्वतः खाली उतरून पाहिलं का?"

तू तो प्रश्न नियमाने विचारलास की मला टोचायला, हे मला कळलं नाही. मी म्हटलं, "पाहिलं."

"नोंदलं."

सातला, "आठ साठ." पुन्हा तेच, "उतरून पाहिलं?" पुन्हा, "पाहिलं." मी डोळे मिटून बसले होते. आणि तू म्हणालास, "पडताळलं. भोंगा देतोय." आणि मग हळूच, कामाचंच काहीतरी सांगितल्यासारखं, "आमचं घर कालच बंद केलंय." मी संचावर डोकं ठेवून रडले. बटण दाबलेलं नव्हतं, म्हणून कुणी ऐकलं नसेल.

पुढचं तू तिकडे सोसलंस. साहेब पुलावर उभे राहून कोरड्या नदीकडे हात करून ओरडले, ते मला तुझ्या संचातून ऐकू आलं. "वेड लागलंय का तुला? कुठे आहे पाणी?" आणि तू शांतपणे नियम वाचून दाखवलास: वरचा आकडा येतोय तोवर दर तासाला भोंगा द्यायचा, एक तास भोंगा चुकला की धोका टळला असं लोक समजतात, म्हणून तो थांबवता येत नाही. लहानपणी खेळातसुद्धा नियमांवरून भांडायचास, तेव्हा मी तुला चापट मारायचे. आज तुझी दृष्ट काढावीशी वाटली. दहाच्या सुमाराला तू सांगितलंस, गाव वर गेलं, दवाखाना वर गेला, साहेबही लोकांना आवरायला टेकडीवर गेले. लोक भिजतायत, चिडलेत, घरी जातो म्हणतायत.

अकराला मी खरोखरच उतरले. साठाचे पंच्याण्णव झाले होते आणि पाणी गढूळ, मातकट, फेसाळ. वर सांडायला लागलं होतं. धापा टाकत आले आणि तुला सांगितलं.

तू म्हणालास, "ताई." उघड्या वायरलेसवर. "ताई, तू वर जा. केंद्र वाचायचं नाही."

"आणि बाराचा आकडा? एकचा? भोंगा चुकला तर लोक उतरतील."

"मी लिहितो."

"बसून?"

"बसून," तू म्हणालास, आणि हसलास. तुझं ते हसणं मी विसरले होते. "तुझ्याच घराण्यातला आहे मी."

मग विचारलंस, "वेळ किती आहे?" आणि मी म्हटलं, "ढीग मोठा आहे. चारपर्यंत तरी धरेल."

तू म्हणालास, "मग दोनचा भोंगा देऊन मी निघतो. टेकडी पाऊण तासाची आहे, आरामात पोचतो."

मी वह्या पाठीला बांधल्या आणि मौनीबरोबर निघाले. चढ संपत आला असताना जमीन पायाखाली थरथरायला लागली. बारा वीस. ठेंगू, ती नदी नव्हती. उभी झाडं चालत येत होती, अख्खी, एकमेकांना धरून. पाणी दिसतच नव्हतं, नुसतं रान आणि माती. आपलं केंद्र, बाबांनी बांधलेली पडवी, एकशे बेचाळीस पायऱ्या, वायरलेस, सगळं एका दमात गेलं. आवाज मागून आला.

बारा वीस आणि दीड तास. एक पन्नास.

तू दोनपर्यंत तिथे बसणार आहेस.

माझ्याकडे संच नाही. मौनीच्या चौकीचा मनोरा गेलाय. फोनला इथेही रेंज नाही, मी हात वर करून चौकीभोवतीच्या कड्यावर फिरून आले, मौनी झाडावर चढून आला. मौनी रडला. मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं.

चार वाजेपर्यंत धरेल, हे मी कशावरून सांगितलं? काठी नाही रोवली, दोरी नाही सोडली, वर जाऊन बघितलं नाही. संचापुढे बसल्या बसल्या सांगितलं, कारण तू हसला होतास आणि मला तुला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. आणि या वेळी तू विचारलं नाहीस, उतरून पाहिलं का. अकरा वर्षं दर आठवड्याला विचारलंस, आणि आज नाही विचारलंस.

एक वाजून पाच मिनिटं. आता ती कातळटप्प्याच्या खाली असेल, दरी तिथे अरुंद आहे, तिथे ती आणखी उंच होते.

एकचा भोंगा तू दिला असशील. वहीत आकडा लिहिला असशील, तुझ्या त्या सुबक अक्षरात. किती लिहिलास? नऊ? साडेनऊ? खरा कितीतरी मोठा आहे रे.

एक वीस. जुन्या लाकूड-वखारीचं मैदान. तिथे दरी पसरते, तिथे ती थोडी मंदावते. बाबांच्या वह्यांत तिथे कधी दहा मिनिटं जास्त लागल्याची नोंद आहे, कधी पाच. दहा लागू देत. आज पंधरा लागू देत.

लोक वर आहेत. पोरगी वर आहे, तिची आई वर आहे. दोनचा भोंगा नाही दिलास तरी आता कुणी खाली उतरायचं नाही, आवाज त्यांना आधीच ऐकू येईल. तुला नाही येणार. भोंग्याच्या खोलीत कानाला काही येत नाही, माहीत आहे मला.

एक पस्तीस. शेवटची दोन वळणं. ठेंगू, वहीत बघू नकोस. घड्याळात बघू नकोस, ते मीच तुला चुकीचं लावून दिलंय. पेन्सिल ठेव. खिडकीशी ये आणि पुलाखाली बघ, पाणी मातकट झालं असेल, त्यावर हिरवी पानं असतील. बघितलंस की पळ. जिना चढ, छपरावर जा, कुठेही जा. खुर्चीतून ऊठ. मी त्या दिवशी उठले नाही. तू ऊठ रे, ऊठ.